मेसेजमधून फोटो जात नाही? बाण दाबण्याआधी चौकटीतला शब्द वाचा

बाबांच्या फोनवर व्हॉट्सॲप नाही. औषधाच्या दुकानातल्या काकांनी दिलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप सापडत नाही. गळक्या पाइपचा फोटो प्लंबरला आत्ताच्या आत्ता हवा आहे. अशा वेळी आपण फोनमधलं साधं मेसेजचं ॲप उघडतो, फोटो जोडतो आणि बाण दाबतो. मग तो फोटो अर्धा तास ‘पाठवत आहे’ म्हणत लटकतो, नाहीतर पलीकडे इतका धूसर पोचतो की त्यातलं काहीच वाचता येत नाही.

यातल्या बहुतेक तक्रारींत फोन ठणठणीत असतो. फोटो कोणत्या मार्गाने निघाला हे पाठवणाऱ्याने पाहिलेलं नसतं, एवढंच. मार्ग बदलला की फोटोचा आकार, पैसे, लागणारं नेटवर्क सगळंच बदलतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. अनेक जण थेट एपीएनच्या (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणाऱ्या) सेटिंगमध्ये हात घालतात, तिथे चालू असलेलं इंटरनेटही बंद पाडतात, आणि मूळ अडचण बॅलन्स नसण्याची निघते.

## टप्पा १ : फोटो कोणत्या मार्गाने जाणार ते ओळखा

मेसेजच्या ॲपमधून फोटो तीन मार्गांनी जातो.

एमएमएस. हा मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून जातो. एका मेसेजची मर्यादा साधारण ३०० केबी ते १ एमबी असते, आणि आजच्या फोनमधला एक फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो. म्हणजे ॲप तो दाबून, पिळून लहान करतं. फोटो धूसर होण्याचं कारण हेच.

आरसीएस. हा इंटरनेटवरून जातो, मग ते मोबाइल डेटा असो की वायफाय. गूगल मेसेजेसमध्ये साधारण १०० एमबीपर्यंतची फाइल जाते. मात्र आरसीएस दोन्ही बाजूंना सुरू असावं लागतं.

आयमेसेज. फक्त ॲपलच्या उपकरणावरून ॲपलच्या उपकरणावर. हाही इंटरनेटवरूनच जातो.

मजकूर लिहायच्या चौकटीत फिकट अक्षरांत काय लिहिलंय ते पाहा. अँड्रॉइडवर गूगल मेसेजेस वापरत असाल तर तिथे आरसीएस हा शब्द दिसतो. तो नसेल आणि फोटो जोडल्यावर बाणाशेजारी एमएमएस असं उमटलं, तर फोटो कंपनीच्या यंत्रणेतून जाणार हे नक्की. आयफोनवर त्याच जागी आयमेसेज, आरसीएस किंवा एसएमएस असं लिहिलेलं असतं. तिथला फुगा निळा असेल तर आयमेसेज. हिरवा असेल तर बाकीच्या दोन्हींपैकी काहीही असू शकतं, म्हणून आयफोनवाल्यांनी रंगावर न थांबता शब्द वाचावा.

आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यातलं आरसीएस आयओएस १८ पासून आलं, पण तुमच्या मोबाइल कंपनीने ते आयफोनसाठी सुरू केलेलं असेल तरच चालतं.

तपासा : ज्याला फोटो पाठवायचा त्याच्याच संभाषणात जाऊन हा शब्द पाहा. ताईच्या संभाषणात आरसीएस दिसलं म्हणजे काकांच्या संभाषणातही असेलच असं नाही.

## टप्पा २ : सिम, पॅक आणि बॅलन्स

आपल्याकडे सगळ्यांत जास्त गफलत इथे होते.

अनलिमिटेड पॅक म्हणजे बहुधा कॉल, डेटा आणि दिवसाला १०० एसएमएस. एमएमएस त्या शंभरात धरलेला नसतो. त्याचे पैसे बहुधा मुख्य बॅलन्समधून कापले जातात, आणि अनलिमिटेड पॅक भरणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा मुख्य बॅलन्स शून्य असतो. मग एमएमएस जात नाही आणि फोन कारणही सांगत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये मुख्य बॅलन्स वेगळा दाखवतात, तो आधी बघा. तुमच्या नंबरवर एमएमएस सुरू आहे का आणि एका मेसेजला किती पैसे पडतात, हेही कस्टमर केअरला एकदा विचारून घ्या.

आयफोनवर आयमेसेज पहिल्यांदा सुरू करताना फोन गुपचूप एक एसएमएस परदेशी नंबरवर पाठवतो. त्यालाही मुख्य बॅलन्स लागतो. ‘सुरू होण्याची वाट पाहत आहे’ असं दिवसभर दिसत असेल तर बाकी काही करण्याआधी थोडा टॉपअप मारा.

दोन सिम असतील तर मोबाइल डेटा कोणत्या सिमवर आहे आणि मेसेज कोणत्या सिमवरून जातोय, हे सेटिंगमध्ये जाऊन पाहा. डेटा एका सिमचा आणि एमएमएस दुसऱ्या सिमचा, अशी जोडी असली की फोटो अडकण्याची शक्यता वाढते. फोटो पाठवण्यापुरता डेटा त्याच सिमवर आणा.

सावधान : सिम हरवलं म्हणून नवं घेतलं, साध्या सिमचं ई-सिम केलं, तर पहिले २४ तास त्या नंबरवरून एसएमएस जात नाही आणि येतही नाही. सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेला हा नियम आहे. आरसीएस आणि आयमेसेज दोन्हींची नंबर पडताळणी एसएमएसवर चालते, त्यामुळे तीही या काळात होत नाही. गोखले रोडवरच्या दुकानातून नवं सिम घालून घरी आलात, तर त्या दिवशी फोनशी झटू नका. दुसऱ्या दिवशी करा.

## टप्पा ३ : आरसीएस सुरू करा

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही फोन स्मार्टफोन असतील तर आधी आरसीएस, ते जमत नसेल तर लिंक (टप्पा ८), आणि एमएमएस अगदी शेवटी. पंधरा मिनिटं काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनवर आरसीएस सुरू करून ठेवा, पुढचा बराच त्रास वाचतो.

१. प्ले स्टोअरमधून गूगल मेसेजेस अपडेट करा. काही फोनवर मेसेजची दोन ॲप असतात, एक फोन बनवणाऱ्या कंपनीचं आणि एक गूगलचं. सेटिंगमध्ये डीफॉल्ट ॲप या भागात जाऊन एसएमएससाठी गूगल मेसेजेस निवडा.

२. फोनची तारीख-वेळ आपोआप घेतली जाईल असं ठेवा. वेळ चुकीची असली की पडताळणी अडते.

३. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा.

४. ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टॅप करा, मेसेजेसच्या सेटिंगमध्ये जा, आरसीएस चॅट उघडा आणि बटण चालू करा. दोन सिम असतील तर प्रत्येक सिमचं बटण वेगळं असतं.

५. तिथेच स्थिती दिसते. ‘कनेक्टेड’ असं येईपर्यंत थांबा. नुसतं बटण चालू असणं पुरेसं नाही. ‘पडताळणी सुरू’ असंच दिसत असेल तर आरसीएस अजून लागलेलं नाही.

त्याच पानावर आणखी एक पर्याय असतो : आरसीएसने मेसेज गेला नाही तर तो आपोआप एसएमएस किंवा एमएमएस म्हणून पाठवायचा का. फोटो पाठवणाऱ्यांनी हा बंद ठेवावा. चालू राहिला तर लिफ्टमध्ये नेटवर्क गेलं की तुमचा चांगला स्वच्छ फोटो बारीक होऊन एमएमएसने निघतो, वर पैसेही कापले जातात.

तपासा : घरातल्याच दुसऱ्या आरसीएस चालू असलेल्या फोनवर एक फोटो पाठवा. एक खूण म्हणजे गेला, दोन खुणा म्हणजे पोचला. आधी घरात हे जमलं की मग बाहेरच्यांना पाठवा.

## टप्पा ४ : फोटो पाठवण्यासाठी तयार करा

इथे घाई करू नका. फोटो एमएमएसने जाणार असेल तर सगळा खेळ याच टप्प्यावर आहे, आणि आरसीएसवरही नीट काढलेला फोटो पलीकडच्याला लगेच कळतो.

विजेच्या मीटरचं उदाहरण घेऊ. भाड्याने दिलेल्या नेरुळच्या घराचं रीडिंग भाडेकरूने मालकाला पाठवायचं आहे. मीटर रूम तळमजल्यावर, बल्ब मिणमिणता. बहुतेक जण दारातूनच अख्ख्या पॅनलचा फोटो काढतात. त्यात वीस मीटर, वायरी, कोपऱ्यातला झाडू सगळं येतं. एमएमएसने तो दाबला गेला की आकडे म्हणजे नुसते करडे ठिपके.

तसं न करता मीटरजवळ जा. डिजिटल मीटरचा पडदा सारखा बदलत असतो : तारीख, वेळ, मागणी, युनिट. आकड्याशेजारी केडब्ल्यूएच, म्हणजे युनिटची खूण, येईल तेव्हाच फोटो काढा, नाहीतर मालकाला रीडिंगऐवजी वेळ पोचेल. फ्लॅश काचेवर चमकतो, म्हणून तो बंद करून दुसऱ्या फोनची टॉर्च बाजूने धरा. मग फोटो कापा. मीटर नंबर आणि पडदा एवढंच ठेवा. कापल्यामुळे फाइल लहान होते, आणि उरलेल्या भागाला दाबही कमी बसतो. अक्षर वाचता यावं म्हणून करण्यासारखा याहून सोपा उपाय नाही.

मीटर रूममध्ये नेटवर्क बहुतेक नसतंच. फोटो काढून, कापून ठेवा आणि बाहेर येऊन पाठवा.

डॉक्टरांची चिठ्ठी पाठवताना ती टेबलावर सपाट ठेवा, स्वतःची सावली पडू देऊ नका, चौकट कागदाच्या कडांना भिडवा. एमएमएसने जाणार असेल तर चिठ्ठीचे दोन तुकडे करून दोन फोटो पाठवा. औषधाचं नाव किंवा मात्रा वाचताना चूक झाली तर ती महागात पडते, म्हणून खाली तीच नावं टाइप करून वेगळा मेसेजही टाका.

आयफोनवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो, आणि जुन्या अँड्रॉइड फोनवर तो कधीकधी उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स या भागात ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपीजी होतात. आधीचे तसेच राहतात.

सावधान : फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ती जागाही नोंदलेली असू शकते. जुनी वस्तू विकायला काढली आणि अनोळखी माणसाला घरातला फोटो पाठवला, तर घराचा पत्ताही सोबत जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं स्थान साठवण्याचं बटण बंद ठेवा. आयफोनवर शेअर करताना वर येणाऱ्या ‘ऑप्शन्स’मध्ये स्थान काढून टाकता येतं.

आधारचा फोटो मागितला तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून तोच पाठवा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

## टप्पा ५ : पाठवा, आणि पोचला का ते पाहा

१. चौकटीतला शब्द पुन्हा एकदा वाचा. पलीकडच्याचं इंटरनेट बराच वेळ बंद असेल तर कालचं आरसीएस आज दिसेलच असं नाही.

२. अधिकच्या खुणेवर किंवा गॅलरीच्या चित्रावर टॅप करून फोटो निवडा.

३. दर्जा निवडण्याचा पर्याय दिसत असेल तर कागदपत्रांसाठी मूळ दर्जा निवडा. घरगुती फोटोंना लहान चालतो.

४. एमएमएसला एका मेसेजमध्ये एकच फोटो. चार जोडले तर तेवढ्याच ३०० केबीत चौघांना दाटीवाटीने बसावं लागतं.

५. बाण दाबा आणि खूण येईपर्यंत ॲप उघडं ठेवा.

एमएमएस जाताना वायफाय असून उपयोग नसतो. बहुतेक ठिकाणी तो मोबाइल डेटावरूनच जातो, तेव्हा मोबाइल डेटा चालू हवा. काही अँड्रॉइड फोनवर सिमच्या सेटिंगमध्ये ‘मोबाइल डेटा बंद असतानाही एमएमएस पाठवा’ असा पर्याय असतो, तो चालू करून ठेवा.

चालत्या लोकलमधून पाठवू नका. बोगद्यात तर सगळंच तुटतं, पण एरवीही धावत्या गाडीत फोन सतत टॉवर बदलत असतो. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्येही तेच. थांबा, मोकळ्यावर या, मग पाठवा.

सावधान : फोटो अडकला म्हणून पुन्हा पुन्हा बाण दाबू नका. नेटवर्क आलं की सगळेच जातात, आणि एमएमएस असेल तर प्रत्येकाचे पैसे वेगळे. अडकलेला मेसेज दाबून धरा, काढून टाका, मग एकदाच नव्याने पाठवा.

## टप्पा ६ : एमएमएस लागणारच असेल तर एपीएन

टप्पा २ मधलं सगळं तपासून झालं असेल तरच इथे या.

कंपनीला कस्टमर केअरवरून एमएमएसची सेटिंग पाठवायला सांगा. ती मेसेजने आली तर ‘इन्स्टॉल’ करा. हाताने भरायची असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट नेम्स’ उघडा आणि नवी नोंद करा. आहे ती इंटरनेटची नोंद बदलू नका. ती बदलली की फोटोही जात नाही आणि नेटही जातं. मी पाहिलेल्या बिघाडांत हा सगळ्यांत जास्त.

नव्या नोंदीत एपीएनचं नाव, एमएमएससी, एमएमएस प्रॉक्सी आणि पोर्ट कंपनीने दिले तसेच भरा, एखादा ठिपकाही चुकवू नका. एपीएन प्रकार या रकान्यात छोट्या अक्षरांत एमएमएस असं इंग्रजीत लिहा. मग वरच्या तीन ठिपक्यांवर टॅप करून सेव्ह करा. नुसतं मागे गेलात तर काही फोनवर सगळं पुसलं जातं.

जतन केल्यावर या नोंदीसमोर निवडायचा गोल कदाचित दिसणार नाही. फक्त एमएमएससाठी असलेल्या नोंदीला तो नसतो, त्यामुळे घाबरू नका. निवड इंटरनेटच्या नोंदीवरच राहू द्या आणि फोन बंद करून चालू करा.

काही बिघडलंच तर त्याच पानावरच्या तीन ठिपक्यांत मूळ सेटिंग परत आणण्याचा पर्याय आहे.

## टप्पा ७ : ग्रुप आणि लांब मजकूर

सोसायटीतल्या बारा जणांना एकाच मेसेजमध्ये घेतलं आणि त्यातल्या एकाकडे जरी आरसीएस नसलं, तरी अख्खा ग्रुप एमएमएसवर जातो. मग प्रत्येक माणसामागे वेगळे पैसे लागू शकतात, आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. गूगल मेसेजेसच्या प्रगत सेटिंगमध्ये ग्रुपचं वागणं ठरवता येतं. तिथे प्रत्येकाला स्वतंत्र एसएमएस जाईल असा पर्याय निवडला की नुसत्या मजकुराचा एमएमएस होत नाही. फोटो मात्र तरीही एमएमएसच राहतो, म्हणून ज्यांना खरंच हवा त्यांना एकेकट्याने पाठवा.

फोटो नसतानाही मेसेज एमएमएस होऊ शकतो. विषय लिहिला, संपर्काचं कार्ड जोडलं किंवा मजकूर फार लांबला की काही ॲप तो एमएमएसमध्ये बदलतात. मराठीत हे लवकर होतं, कारण देवनागरी एसएमएसमध्ये एका भागात ७० अक्षरंच बसतात, रोमन लिपीत १६०.

## टप्पा ८ : व्हिडिओ आणि पीडीएफ

एमएमएसने व्हिडिओ पाठवू नका. काही सेकंदांचा जातो, तोही ओळखू न येणारा. १०८० पिक्सेलचा एक मिनिटाचा व्हिडिओ ६० ते १३० एमबी भरतो, म्हणजे आरसीएसचीही मर्यादा तिथे संपत येते. आधी कापून तीस सेकंदांचा करा.

मोठ्या फाइलसाठी गूगल फोटोज किंवा ड्राइव्हवर चढवा आणि लिंक मेसेजमध्ये टाका. लिंक हा साधा मजकूर असल्याने ती एसएमएसनेही जाते. चूक होते ती परवानगीत. ड्राइव्हची लिंक मुळात फक्त तुमच्यापुरती असते, मग पलीकडच्याला ‘परवानगी मागा’ असं पान दिसतं. शेअर करताना ‘लिंक असलेला कोणीही’ हे निवडा. काम झालं की परवानगी परत काढून घ्या, विशेषतः भाडेकरार किंवा बँकेचे कागद असतील तर.

तपासा : लिंक ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून पाहा. तिथे उघडली तर पलीकडेही उघडेल.

## टप्पा ९ : पलीकडचा फोन

आलेल्या एमएमएसवर ‘डाउनलोड’ असं दिसत असेल तर त्याही फोनचा मोबाइल डेटा चालू हवा. कंपनी एमएमएस ठरावीक मुदतीपुरताच ठेवते, नंतर तो उघडत नाही. आई-बाबांना फोन करून डेटा चालू करायला सांगा आणि ते लाइनवर असतानाच डाउनलोड करून घ्या. सेटिंगमध्ये एमएमएस आपोआप उतरवण्याचा पर्यायही चालू करून द्या. साध्या बटणांच्या फोनवर एमएमएस उघडेलच असं धरून चालू नका.

पलीकडच्याने नुकताच आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला असेल, तर तुमच्या आयफोनवरून गेलेले फोटो अजून त्याच्या जुन्या आयमेसेजकडे जात असतील. त्याने जुन्या आयफोनवर आयमेसेज बंद करावं, नाहीतर ॲपलच्या संकेतस्थळावरून नंबर काढून घ्यावा. अँड्रॉइड फोन बदलतानाही सिम काढण्याआधी जुन्या फोनवरचं आरसीएस बंद करा.

सावधान : आलेली फाइल एपीके असेल तर ती फोटो नाही, ॲप आहे. गॅसचं बिल, वाहनाचा दंड, लग्नाची पत्रिका अशा नावांनी ती येते. उघडू नका. उघडली असेल तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

## टप्पा १० : तरीही जात नसेल तर

विमान मोड चालू करून अर्ध्या मिनिटाने बंद करा. मेसेजच्या ॲपवर डेटा बचतीचं बंधन आहे का ते पाहा. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून एक एमएमएस पाठवा. तिथे गेला तर दोष तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे, तिथेही अडला तर सिम किंवा कंपनीकडे.

कंपनीचा दोष दिसला की १९८ वर तक्रार करा. बोलताना ‘फोटो जात नाही’ एवढंच सांगू नका. ‘मुख्य बॅलन्स आहे, मोबाइल डेटा चालू आहे, सिम दुसऱ्या फोनमध्येही तपासलं, एमएमएस जात नाही’ असं सांगा, म्हणजे पुन्हा फोन बंद करून चालू करण्याचाच सल्ला मिळत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच नंबरच्या आधारे कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.